रिकाम्या गाडीची फेरी

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन केला नाही. तुला ऐकू येत नाही म्हणून तू ओरडतोस, मग मीही ओरडते, आणि ही गोष्ट शेजाऱ्यांनी ऐकावी अशी नाही. तीस वर्षं ब्रेकच्या ड्रमवर हातोडा मारून कान घालवलेस. डोळे शाबूत आहेत, तेव्हा बसून वाच. वाचून झाल्यावर लगेच उठू नकोस. आधी पाणी पी.

मिठू काल सकाळी आली. पायात चप्पल नव्हती. तोंडावर टॉवेल धरलेला होता, मला वाटलं दाढ दुखतेय. टॉवेल काढला तर खालचा ओठ मधोमध फाटलेला आणि पुढचे दोन दात नाहीत. त्यातला एक तिने मुठीत घट्ट धरून आणला होता. मला म्हणाली, "आई, हा परत बसवता येतो का गं?"

कारण सांगते. जावयाचे दोन मित्र जेवायला आले होते. जावई त्यांना कुठल्याशा गावाचा रस्ता सांगत होता. ही ताटं उचलता उचलता म्हणाली, "अहो, तिथे डावीकडे नाही, उजवीकडे वळायचं." एवढंच. मित्र हसले, जावईही हसला. मित्र फाटकाबाहेर गेले आणि त्याने चाकाचा पाना उचलला. सव्वीस वर्षांची मुलगी, धाकट्या, आणि डावं-उजवं सांगितलं म्हणून दात गेले.

चार वर्षांची होती तेव्हा तुझ्या गॅरेजात कुठल्या ना कुठल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून दिवसभर बडबडायची. तूच तिचं नाव मिठू ठेवलंस. ड्रायव्हर लोक तिला खाऊ द्यायचे, थोडा वेळ गप्प बस म्हणून. कोण म्हणालं असतं तेव्हा!

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी तू त्याची मान धरून त्याचं डोकं बंपरवर आपटलंस. तुला बरं वाटलं, मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तू दिलेल्या एकेका फटक्याची परतफेड तिच्या पाठीवर झाली. मी स्वतः तेल लावलंय त्या पाठीला. म्हणून या वेळी तू जागचा हलणार नाहीस. उत्तर लिही, पण येऊ नकोस.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ताई,

पाणी प्यालो. दोन तांबे प्यालो. मग ऐरणीवर एक जुना ड्रम ठेवून तो फुटेस्तोवर हाणला. शेजारचा टायरवाला बघायला आला आणि न विचारताच परत गेला.

येत नाही. तुझा शब्द मोडत नाही. पण तोच माझ्याकडे येतोय, त्याला मी काय करू?

तो ज्याचा ट्रक चालवतो त्या मालकाची एक गाडी गेल्या महिन्यात कारखान्याच्या भिंतीतून थेट आत गेली. वॉचमनच्या खुर्चीचा चुरा झाला. वॉचमन लघवीला गेला होता म्हणून वाचला. आता मालकाला जाग आली. सहाही गाड्यांचे ब्रेक बूस्टर बदलायचे आणि ते मीच बदलायचे असं त्याने ठरवलंय. दोन गाड्या झाल्या. तिसरी आपल्या जावयाची.

तुला कळेल असं सांगतो. बूस्टर म्हणजे ड्रायव्हरच्या पायाचा जोर वाढवणारा डबा. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि तो पोकळ डबा पायाच्या बरोबरीने ब्रेक दाबतो. या गाड्यांना जुना, एका रबरी पडद्याचा आहे, लहान ताटाएवढा. तो दमलाय. त्या गाडीत आठ-नऊ टन माल असला की ड्रायव्हरला ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं, जिना चढतो तसं. मी आता दोन पडद्यांचा बसवतोय, ढोलाएवढा, सोबत हवेची वेगळी टाकी. मग त्याच गाडीला बोटभर पाय पुरतो.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की त्या डब्याला मास्टर सिलिंडरशी, म्हणजे ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याशी, जोडणारी एक दांडी असते. तिचं अंतर केसभर चुकवलं तर कुणालाही दिसत नाही. ब्रेक आतल्या आत धरून राहतो, तापतो, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर घाटात जळून जातो. तपासायला येणाऱ्यालाही म्हणावं लागेल, ड्रायव्हरने पाय पेडलवर ठेवून गाडी चालवली.

मी करणार म्हटलं नाही. सांगतोय फक्त. त्या माणसाचा जीव पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर असेल, दोन नंबरच्या पान्याशेजारी. आणि माझ्या भाचीचा दात तिच्या मुठीत.

मिठू कशी आहे? तिला म्हणावं, मामा आहे.

तुझा भाऊ


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

तू हे करणार नाहीस. बाबांनी तुला पहिला पाना दिला तेव्हा काय म्हणाले होते ते तुला आठवत नसेल, मला आठवतंय, कारण शाळेच्या सुट्टीत मी घरी आले होते आणि दारात उभी होते. ते म्हणाले, "गाडी कुणाचीही असो, ब्रेक सगळ्यांचा असतो." त्या गाडीपुढून शाळेतली पोरं रस्ता ओलांडतात. म्हातारे ओलांडतात. तू त्या दांडीचं अंतर नीट ठेवशील. एक नट सैल ठेवणार नाहीस. मला तसं लिहून पाठव, नाहीतर मी स्वतः तुझ्या गॅरेजात येऊन बसेन.

आणि आणखी एक मागते. त्याच्या गाडीत बसू नकोस. तू म्हणशील, काम झाल्यावर चालवून बघावी लागते. गॅरेजच्या आवारात बघ. तुम्ही दोघं एका केबिनमध्ये, दार बंद, हाताशी पाने, हे चित्र मला झोपू देत नाही. एकाला तरी तिथून उचलून आणावं लागेल. त्याच्याशी कामापुरतं बोल, त्याहून एक अक्षर जास्त नको.

मिठूची काळजी करू नकोस. ती इथे माझ्याजवळ आहे. ओठाचे टाके काढले. खिडकीशी बसून जुन्या उशांना नवे अभ्रे शिवते आहे. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी मला शिकवलेला टाका मी तिला शिकवला, तिचा माझ्याहून सुबक येतो. तू फक्त तुझं काम चोख कर.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

काम चोख केलं.

तो काल आला. आवारात गाडी लावली आणि उतरतानाच ओरडला, "काय मामेसासरे! ऐकू येतं का काही, की सगळंच भंगारात?"

मी म्हटलं, "ब्रेकचं काम कानाने करत नाहीत."

"बघा हां, भाचीच्या मायेपोटी एखादा नट सैल राहायचा."

"सैल नट तुझ्या डोक्यात आहे. तिथवर माझा पाना पोचत नाही."

तो हसला. टायरवालाही हसला. मग माझ्या ऐकू येणाऱ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "भाची मजेत आहे तुमची. दात बसवून देणार आहे मी तिला, सोन्याचे." निर्लज्ज! तुझ्या घरात पोरगी अभ्रे शिवतेय आणि हा सोन्याचे दात बसवतोय. माझ्या हातात त्या वेळी दीड फुटी दांडा होता, ताई. मी तो खाली ठेवला. मोठ्या आवाजात ठेवला, पण ठेवला.

मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्या गाडीखाली होतो. जुना डबा काढला, पडदा पापडासारखा तडकला होता. नवा बसवला. दांडीचं अंतर तीनदा मोजलं. चारही चाकांतून ब्रेक ऑइलमधली हवा काढली, शेवटचा बुडबुडा येईपर्यंत. शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चारदा दाबलं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. पाय आपोआप जरासा खाली गेला. तसा गेला की समजायचं बूस्टर जिवंत आहे. बाबांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

आता उरलेलं. तुझ्यापासून लपवत नाही.

एवढा मोठा बूस्टर बसवला की मी ड्रायव्हरला गाडी तशीच देत नाही. पहिली फेरी रिकाम्या गाडीची, आणि मी शेजारी. त्याच्या पायाला वर्षानुवर्षं ब्रेकवर उभं राहायची सवय असते. नव्या ब्रेकवर तो तसाच उभा राहिला की चाकं जागच्या जागी गच्च. म्हणून दोन-तीन तास मी त्याच्याकडून पाय हलका करून घेतो. मग माल कसा बांधायचा ते सांगतो, कारण गाडी आता झटकन थांबणार आणि मागचा माल पुढे येणार; पुढे आडवी फळी हवी, साखळ्या दुप्पट हव्यात. पहिल्या दोन गाड्यांच्या ड्रायव्हरांना मी हे दिवसभर शिकवलं.

याला नाही शिकवलं. तू म्हणालीस गाडीत बसू नकोस, मी बसलो नाही. तू म्हणालीस एक अक्षर जास्त बोलू नकोस, मी बोललो नाही. त्याने किल्ली घेताना विचारलंही, "अजून काही?" माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "नाही."

सोमवारी दुपारी तो पाइप भरून निघणार आहे. लोखंडी, लांबलचक, टाकीच्या कामावर जाणारे. मी त्या गाडीत खोटं काहीच केलेलं नाही. फक्त बोललो नाही.

भाऊ


२४ फेब्रुवारी, सकाळ

धाकट्या, मिठू त्या गाडीत आहे.

मी खोटं लिहिलं. ती माझ्याकडे आठच दिवस होती. तो आला, उंबऱ्यात बसून रडला, माझे पाय धरले. मीच तिला म्हटलं, एक संधी दे. मीच तिची पिशवी भरली. तुला सांगितलं असतं तर तू पाना घेऊन गेला असतास, म्हणून अभ्रे आणि टाके रचले. काल शेजारणीच्या फोनवरून ती बोलली. तो म्हणतो घरी ठेवली की पळते, म्हणून आजपासून तिला फेरीवर सोबत नेणार आहे.

तुझं पत्र आत्ता आलं. तिचा फोन त्याच्या खिशात असतो, बंद आहे. तुला तीनदा लावला. तू उचलतोस, "मोठ्यानं बोला" म्हणतोस, मी बोंबलते, आणि तू ठेवून देतोस. नऊच्या बसच्या कंडक्टरच्या हाती हे देते आहे.

जा. त्याला सांग. शिकव. पाया पड हवं तर.


२५ फेब्रुवारी

ताई,

हे नर्सकडे ठेवून जातोय, तू आलीस की देईल. मिठू जिवंत आहे. ती झोपली आहे, तिला उठवू नकोस, आधी हे वाच. तोंडाने मला सांगता येणार नाही.

कंडक्टर दीड वाजता आला. मी मोटारसायकल काढली. पाइपच्या गोदामावर म्हणाले, बाराला निघाला, सोबत बायको होती. खाणीचा उतार उतरताना मला पुढे गाड्यांची रांग दिसली आणि मी गाडी तिथेच टाकून पळत सुटलो.

तिसऱ्या वळणावर पुढे एक ट्रॅक्टर बंद पडला होता. जावई ब्रेकवर उभा राहिला असणार. रस्त्यावर चाकांचे काळे पट्टे होते, तीसेक पावलं, सरळ, दोऱ्याने आखल्यासारखे. गाडी ट्रॅक्टरच्या चार हात अलीकडे थांबली होती. ट्रॅक्टरवाला रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता, त्याला खरचटलंही नव्हतं. ब्रेक लागला, ताई. गाडी थांबली. थांबले नाहीत ते फक्त पाइप.

साखळ्या जुन्याच होत्या, सैल. जुन्या ब्रेकने ती गाडी कधी इतकी झटकन थांबतच नव्हती, तेव्हा त्या पुरायच्या. सात पाइप केबिनची मागची भिंत फोडून आत गेले. एक जावयाच्या पाठीतून शिरून स्टिअरिंगपर्यंत गेला होता. हात स्टिअरिंगवर तसेच होते. डोळे उघडे. एक त्याच्या मानेला घासून समोरच्या काचेतून बाहेर आला होता आणि त्याच्या टोकातून रक्त ठिबकत होतं, नळ नीट बंद न केल्यासारखं. मिठूच्या बाजूने तीन गेले. तिच्या सीटची पाठ जागेवर नव्हती.

मी तिचं नाव घेऊन ओरडलो. उत्तर आलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं. मी दाराला हात घातला, दार वाकलं होतं, काच फोडून हात आत घातला, आणि खालून कुणीतरी माझी बोटं धरली. ती सीटच्या खाली होती, डॅशबोर्डच्या पोकळीत, गुडघे छातीशी घेऊन. पाइप तिच्या डोक्यावरून गेले होते. एक मांडी मोडली आहे. जबडा मोडला आहे, डॉक्टरांनी तो तारांनी बांधलाय, सहा आठवडे बोलता येणार नाही.

हे मी केलं. मी गावात आहे, पण तुझ्यासमोर येत नाही.

भाऊ


३ मार्च

धाकट्या,

तू समोर येत नाहीस ते बरं आहे. आलास तर मी काय करेन ते मला माहीत नाही. या हातांनी तुला अंघोळ घातली आहे, याच हातांनी तुझा गळा धरावासा वाटला, आणि हे मी, सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बाई, लिहिते आहे.

तुला एक वाक्य बोलायला काय झालं होतं? "पाय हलका ठेव." तीन शब्द! रस्त्यात लिफ्ट मागणाऱ्यालासुद्धा आपण याहून जास्त सांगतो.

हे लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आता पुढचं लिहिते, कारण अर्धंच पाठवलं तर तेही खोटं होईल. बोलू नकोस असं मीच लिहिलं होतं. गाडीत बसू नकोस असंही मीच. आणि पोरीची पिशवी भरून तिला त्या दारात मी सोडून आले. तिला म्हटलं, तूही जरा तोंड आवर. आपल्या मुलीला मी असं म्हटलं. तू त्याला मारलंस म्हण हवं तर, पण तिला त्या सीटवर नेऊन कुणी बसवलं?

ती दिवसभर माझ्याकडे बघते. नळीने पेज पिते. मी डोळे चुकवते.

तुझं एकवीस तारखेचं पत्र जाळून टाकणार आहे. इन्स्पेक्टर येऊन गेला, तिला बोलता येईना म्हणून परत गेला. तुझं नाव कुठेच यायला नको. तूही गप्प राहा.

ताई


१२ मार्च

ताई,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितोय.

मी गप्प राहिलो नाही. परवा चौकीवर गेलो. इन्स्पेक्टरला सगळं सांगितलं, जे केलं ते आणि जे बोललो नाही ते. त्याने फाइल उघडली. गाडी तपासून झाली होती. म्हणाला, "मिस्त्री, ब्रेकचं काम एक नंबर आहे असं लिहून आलंय. माल सैल बांधला होता, चूक ड्रायव्हरची. बायकोचा जबाब झाला की फाइल बंद." मी म्हटलं, "अहो, मी मुद्दाम बोललो नाही." तो म्हणाला, "न बोलण्याचं कलम माझ्याकडे नाही. जा, गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

तिथून निघालो आणि गॅरेजात जावयाचा थोरला भाऊ उभा होता. सोबत दोघं. त्याने विचारलं, "माझ्या भावाच्या गाडीला काय केलंस?" इन्स्पेक्टरला सांगितलं तेच मी त्याला सांगितलं. त्याला कलम लागलं नाही. दोघांनी मला धरलं, उजवा हात ऐरणीवर ठेवला, आणि त्याने माझ्याच हातोड्याने एकेक बोट घेतलं. अंगठा शेवटी. मी हात ओढून घेतला नाही, ताई. टायरवाला धावत आला तेव्हा मीच त्याला थांबवलं. शेवटच्या घावानंतर तो भाऊच रडत खाली बसला. म्हणाला, "लहानपणी मी त्याला सायकल शिकवली होती." मग तिघं गेले.

बोटं तीन राहतील म्हणतात. पाना आता धरता येणार नाही. चौथ्या गाडीचा ड्रायव्हर येतो त्याला शेजारी बसून शिकवतो, तेवढं करता येतं.

मिठूला सांग. तिला सगळं माहीत असायला हवं.

भाऊ


४ एप्रिल

मामा,

बोलता येत नाही म्हणून लिहिते. मला दवाखान्यातून घरी आणल्यावर आईने तुझं एकवीस तारखेचं पत्र जाळायला काढलं होतं. गॅस पेटवला होता. माझा पलंग ओट्याजवळच आहे, मी त्यावरून वाकून तिच्या हातातून ओढलं, प्लॅस्टरसकट खाली पडले, पण सोडलं नाही. मग उरलेलीही मागून घेतली. आता तुझी सगळी वाचली, तिने काय लिहिलं ते तिच्याकडून काढून घेतलं. तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना केवढी पत्रं लिहिता, आणि त्यात माझ्याबद्दल सगळं असतं, मलाच विचारलेलं काही नसतं.

केबिनमध्ये काय झालं ते तुम्हाला कुणालाच माहीत नाही. मी एकटीच उरले आहे ते सांगायला.

गोदामातून निघताना फाटकाशी त्याने पहिल्यांदा ब्रेक दाबला आणि गाडी अशी अडली की माझं कपाळ काचेवर आपटलं. तो स्वतःच दचकला. मी लगेच ओळखलं, मामा. लहानपणी तुझ्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसून मी अशा कितीतरी रिकाम्या फेऱ्या केल्या आहेत. मी म्हटलं, "अहो, नवा बूस्टर आहे, पाय हलका ठेवा. आणि हे पाइप असे नाही चालायचे, आधी मामाकडे जाऊन विचारू." तू बोलला नाहीस ते मी बोलले. जवळजवळ तुझ्याच शब्दांत.

त्याने गाडी बाजूला घेतली. शांतपणे हँडब्रेक ओढला. म्हणाला, "आता तू मला ब्रेक शिकवणार?" आणि कोपर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला, कानाने नाही. डॉक्टरांनी लिहिलंय की डॅशबोर्डवर आपटून जबडा मोडला. गाडीने माझी फक्त मांडी मोडली. जबडा त्याने मोडला, अपघाताच्या तासभर आधी, रस्त्याच्या कडेला, भर दुपारी. शेजारून एक सायकलवाला गेला. त्याने बघितलं आणि पुढे गेला.

मग खाणीचा उतार आला. तो जोरात होता, रागात असला की असाच चालवायचा. तिसऱ्या वळणाआधी मला खाली ट्रॅक्टर दिसला. मी डावीकडच्या खिडकीशी होते, त्याच्याआधी दिसला. त्याला अजून दिसायचा होता. मामा, मोडक्या जबड्यानेही ओरडता येतं. हाताने दाखवता येतं. त्याच्या दंडाला धरता येतं. तेवढ्या वेळात त्याने ब्रेक हळूहळू दाबला असता.

मी काहीच केलं नाही. मी सीटवरून खाली सरकले, गुडघे पोटाशी घेतले, डोकं पोकळीत घातलं आणि वाट पाहिली. वरून त्याचा आवाज आला, "खाली काय करतेस गं?" ते त्याचं शेवटचं वाक्य. आणि मग त्याचे दोन्ही बूट माझ्या डोळ्यांसमोर त्या पेडलवर पडले, पूर्ण वजनाने.

तो लगेच गेला नाही. तू आलास तेव्हा गेलेला होता, पण मधे पाऊण तास होता. ट्रॅक्टरवाल्याला केबिनजवळ येववत नव्हतं, मागच्या गाड्यांतले लोक लांबूनच बघत होते. वर सीटवर तो घरघरत होता आणि त्याचं रक्त माझ्या मानेवरून आत कपड्यांत जात होतं, गरम, मग गार. मी त्याच्या बुटाच्या नाड्या बघत होते. त्या दिवशी सकाळी त्या मीच बांधल्या होत्या. मला दुःख झालं का? झालं. सुटल्यासारखंही झालं. दोन्ही एकाच वेळी होतं हे मला आधी माहीत नव्हतं.

तर असं आहे. तू म्हणतोस मी केलं, आई म्हणते मी केलं. तुम्ही दोघं त्याचं मरण आपसात वाटून घेत बसला आहात. तुझी बोटं गेली त्याचं मला फार वाईट वाटतं, पण तू सांगितलं नाहीस तरी त्याला सांगून झालं होतं. त्याने ऐकलं नाही. दुसऱ्यांदा सांगायचं माझ्या हातात होतं, आणि मी सांगितलं नाही.

सोमवारी तारा कापणार. मंगळवारी इन्स्पेक्टर जबाबाला येणार आहे. आई रोज उशाशी बसून समजावते, म्हण की काही आठवत नाही. फार तर जबड्याचं सांग, पण त्या ट्रॅक्टरचं गाळ, नाहीतर त्याचा भाऊ तुझ्यावरही हातोडा घेऊन येईल. ती चुकीचं सांगत नाही. येईलही तो. पण आठवत नाही म्हटलं की जबडा डॅशबोर्डनेच मोडला असं कायमचं लिहिलं जाईल. आणि जबड्याचं तेवढं सांगून बाकीचं गाळायला लागले, तर मी पुन्हा त्याच घरात राहायला गेल्यासारखं होईल, जिथे काय बोलायचं आणि काय नाही हे आधी मोजावं लागायचं. म्हणून सगळं सांगणार आहे, सायकलवाल्यापासून बुटांपर्यंत.

तुझं ते पत्र यासोबत परत पाठवते. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मंगळवारी अकरा वाजता ये. आईला मी लिहून दाखवलंय की तू येणार आहेस, तिने तुझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. तुझा बरा कान माझ्याकडे करून बस, कारण मला मोठ्याने बोलता येईल की नाही माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, इतक्या दिवसांनी तोंड उघडलं की पहिले काही शब्द फार दुखतील.

दुखू देत.

मिठू